बारीक चाळण

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, एक बाई राहायच्या. पाठीमागे सगळे त्यांना चाळणबाई म्हणत, तोंडावर मावशी. मीही मावशीच म्हणायचे. त्यांच्याशी मी आयुष्यात एकदाच भांडले. त्या भांडणात चूक पूर्णपणे त्यांची होती, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ऐकताना तुम्हाला राग माझाच येईल.

मी तेव्हा शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होते. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. रोज आठ तास वाफेत उभं राहिल्यावर माणूस जरा मऊ पडायला हवा, पण माझ्या नाकावरचा राग काही उतरला नाही. नवरा मालवाहू बोटीवर फिटर, वर्षातले दहा महिने पाण्यावर. मूल झालं ते त्याला फोनवर कळलं. तीन महिन्यांनी आला, पंधरा दिवस राहिला, परत गेला. पुढे त्याचं येणं कमी होत होत थांबलंच. तो विषय वेगळा, त्यावर बोलायला लागले तर कागद पुरणार नाहीत.

मूल गुबगुबीत होतं म्हणून मी त्याला भोपळ्या म्हणायचे. तो सहा महिन्यांचा झाला आणि माझी रजा संपली. दिवसा त्याला ठेवायचं कुठं, हे काही ठरत नव्हतं. त्या संध्याकाळी मी एका काखेत भोपळ्या आणि दुसऱ्या हातात बाळाच्या खाण्याचा विकतचा डबा घेऊन जिना चढत होते. मावशी दारात बसून वाटाणे सोलत होत्या.

"दाखव बघू तो डबा," त्या म्हणाल्या. डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी तो फिरवून फिरवून वाचला. "हे शिजवलंय कधी?"

"तारीख आहे ना त्यावर."

"कधीपर्यंत खायचं त्याची आहे. शिजवलं कधी त्याची नाही." त्यांनी डबा परत दिला आणि भोपळ्याच्या हनुवटीखाली बोट घातलं. त्यानं लगेच तोंड उघडलं. "अगं, हा तर वाटच बघतोय. उद्यापासून आण माझ्याकडे."

मी ओळख ना पाळख असल्यासारखी बघत राहिले. दोन वर्षं त्याच इमारतीत राहून मी त्यांच्याशी पाण्याच्या वेळेपलीकडे काही बोलले नव्हते. पण अडला हरी म्हणतात तशी माझी गत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी भोपळ्याला घेऊन त्यांच्या दारात उभी होते.

मावशींनी एकतीस वर्षं एका सूतगिरणीच्या पाळणाघरात काढली होती. गिरणीतल्या बाया मुलं तिथं ठेवून कामावर जायच्या. मोठ्या मुलांचं स्वयंपाकघर वेगळं आणि वर्षाच्या आतल्यांचं वेगळं. मावशींकडे वर्षाच्या आतलं. त्यांच्या भिंतीवर तीन चाळण्या टांगलेल्या असत, बारीक, मध्यम आणि जाड, आणि शेजारी एक मोठी पाटी. पाटीवर तीन रकाने. सहा महिन्यांचं मूल आलं की त्याचं नाव बारीकच्या रकान्यात. आठव्या महिन्यात मध्यम. दहाव्यात जाड. वर्ष झालं की मूल काट्यावर जाई, म्हणजे त्याचं खाणं चाळायचं नाही, काट्यानं नुसतं चेपायचं. काट्यावर गेलेलं मूल मोठ्या स्वयंपाकघराचं. त्याचं नाव मावशी ओल्या फडक्यानं पुसून टाकायच्या.

"किती पुसली असतील हो?" मी एकदा विचारलं होतं.

"मोजली असती तर तिथं टिकले असते का," त्या म्हणाल्या.

गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्या बायकांनी कपाटं, पातेली, पाळणे, जे मिळेल ते उचललं. मावशींनी तीन चाळण्या आणि ती पाटी आणली. त्यांना ना नवरा, ना मूल. दुसऱ्या गावी एक भाची होती, वर्षातून एकदा येणारी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळे ठोकून त्यांनी ती पाटी तशीच लावली होती, आणि मी भोपळ्याला घेऊन गेले त्या दिवशी तिच्यावर कितीतरी वर्षांनी एक नाव लिहिलं गेलं. बारीकच्या रकान्यात, भोपळ्या.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. एक गाजर, पण त्याच्यावर माझ्या अख्ख्या स्वयंपाकाइतकी मेहनत. सोलायचं, एकसारख्या चकत्या करायच्या, जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात झाकण ठेवून शिजवायच्या. ते पाणी ओतायचं नाही, कपात बाजूला ठेवायचं. मग चकत्या चाळणीत घालून लाकडी पळीच्या पाठीनं दाबायच्या. वर घट्ट चोथा राहतो तो टाकायचा, आणि चाळणीच्या खालच्या बाजूला जे चिकटतं ते सुरीच्या बोथट कडेनं खरवडून घ्यायचं. "खरं खाणं हे," त्या म्हणत. शेवटी कपातलं पाणी थेंबाथेंबानं घालून सैल करायचं आणि एक ठिपका मनगटावर ठेवून बघायचा, पोळतोय का. मीठ नाही, साखर नाही. नवी भाजी आणली की तीन दिवस तीच, अंगावर काही उठतंय का बघायला. गाजर, बटाटा, लाल भोपळा, मग सफरचंद, मग मऊ भात. भोपळ्यानं भोपळा खाल्ला त्या दिवशी मावशी इतक्या हसल्या की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले.

हसल्या की त्यांचं तोंड पार आत जाई, कारण तोंडात एकही दात नव्हता. कवळी होती, पण ती डबीत, आणि डबी कपाटात. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," असं त्या स्वतःच म्हणायच्या. मी हसायचे. डोळ्यांसमोरची गोष्ट होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

माझा दिवस असा जाई. सकाळी साडेसहाला मूल खाली, साडेतीनला वर. मावशी संध्याकाळच्या खाण्याची वाटी झाकून बरोबर देत. ती मी त्याला भरवायचे आणि तो झोपला की ओट्यापाशी उभ्या उभ्या स्वतः जेवायचे. दुपारचं जेवण दवाखान्याच्या उपाहारगृहात. भोपळ्या बोलायला लागला तेव्हा त्याचा पहिला शब्द आई नव्हता. मंमं होता. मावशी दिसल्या की मंमं, वाटी दिसली की मंमं. मला लागलं थोडं. मावशी मात्र दोन दिवस जिन्यात भेटेल त्याला सांगत होत्या.

एकदा आम्ही तिघं टपाल कचेरीत गेलो होतो. खिडकीत एक जाड मिशांचा कारकून बसला होता. मावशींनी माझा दंड दाबला.

"हा उजव्या गालात साठवायचा," त्या कुजबुजल्या. "गिळायचाच नाही. शेवटी बोट घालून काढावं लागायचं. बघ."

मी बघितलं. माणूस काहीतरी चघळत होता आणि त्याचा उजवा गाल टम्म फुगलेला होता. मला हसू आवरेना.

"अहो, मग ओळख द्या ना!"

"काय सांगू? बाळा, तुला मी भरवलंय? मागं माणसं खोळंबलीत." त्यांनी तिकिटं घेतली, सुटे पैसे पिशवीत टाकले. बाहेर आल्यावर पायऱ्या उतरता उतरता त्या म्हणाल्या, "माणसाला पहिलं वर्ष आठवत नाही गं. आणि माझी एकतीस वर्षं त्या पहिल्या वर्षातच गेली."

मी भोपळ्याची टोपी सारखी केली आणि चालू लागले.

आता चुकीकडे येते. आमच्या दवाखान्यात कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं. तिथं चौदा महिन्यांच्या वरची आणि चावून खाणारी मुलंच घेत, तसा डॉक्टरांचा दाखला लागे. भोपळ्या नऊ महिन्यांचा असताना मी मोठ्या उत्साहात मावशींना सांगितलं, "आता पाचच महिने काढा. मग तो माझ्याबरोबर येईल आणि तुमची सुटका."

"हो का," त्या म्हणाल्या आणि चाळण धुवायला लागल्या.

दहाव्या महिन्यात मी विचारलं, याला अजून इतकं पातळ कसं? त्या म्हणाल्या, दात अजून कच्चे आहेत, घाई नको. बाराव्यात विचारलं, तेव्हा म्हणाल्या, सर्दी होऊन गेली ना, घसा नाजूक असतो. एकतीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला मी काय शिकवणार? आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही होतं. आयती वाटी मिळत होती. मी मान डोलावली.

चौदाव्या महिन्यात मी त्याला दाखल्यासाठी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन छान, उंची छान. दात मोजले, आठ. डॉक्टरांनी नर्सला भाजलेल्या पावाचा बोटाएवढा तुकडा आणायला सांगितलं आणि त्याच्या हातात दिला. भोपळ्यानं तो तोंडात घातला. चावला नाही. जीभ वर केली, गिळायला गेला, आणि त्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. डॉक्टरांनी त्याला उपडं करून पाठीवर थापा मारल्या. तुकडा बाहेर पडला आणि मागोमाग सगळं दूध डॉक्टरांच्या टेबलावर.

"काय भरवता याला?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. "अजून? आठ दात काय शोभेला आलेत? याला चावायचं असतं हेच माहीत नाही. आणखी सहा महिने असं चाललं असतं तर फार जड गेलं असतं. दाखला मिळणार नाही. महिन्याभरानं आणा."

त्याचा तो जांभळा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. बसमधून घरी येईपर्यंत रागानं माझे कान तापले होते.

मावशींचं दार उघडंच होतं. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण आठवतं. मी म्हटलं, माझं पोर आज गुदमरून मेलं असतं. मी म्हटलं, तुम्हाला खेळायला काही हवं होतं तर बाजारातून बाहुली आणायची. मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांच्यामागे ती पाटी होती. बारीकच्या रकान्यात भोपळ्याचं नाव आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात तीन तारखा, आठवा महिना, दहावा महिना, वर्ष. कधी काय बदलायचं ते त्यांनी लिहून ठेवलेलं होतं. नाव मात्र हललं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं," त्या म्हणाल्या. "चूक झाली. मुद्दाम झाली."

एखादी शहाणी बाई तिथं थांबली असती. मी उचलली जीभ, लावली टाळ्याला. "दुसऱ्यांची पोरं आयुष्यभर भरवलीत," मी म्हटलं, "एखादं स्वतःचं असतं तर कळलं असतं."

भोपळ्या माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावत होता आणि मंमं, मंमं म्हणून ओरडत होता. मी त्याला ओढून वर घेऊन गेले.

मी महिन्याभराची रजा टाकली. म्हटलं, आपणच शिकवू, त्यात काय मोठंसं. चेपलेला बटाटा दिला, त्यानं थुंकून टाकला. भात दिला, थुंकला. मऊ केळं दिलं तर ते तोंडात धरून बसला आणि अर्ध्या तासानं तसंच बाहेर आलं. मी समजावलं, ओरडले, एकदा चापटही मारली आणि नंतर स्वतःच रडत बसले. दूध तेवढं प्यायचा. तीन दिवसांत त्याची गालफडं बसली. खाली बारीक चाळलेली वाटी मागायला जाणं माझ्या जिवावर आलं होतं, आणि तो तर दाराकडे बोट दाखवून मंमं म्हणत होता.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. मावशी होत्या. गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढत नसत. आमचा मजला तिसरा. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या, श्वास पुरत नव्हता, आणि हातातल्या पिशवीत दोन झाकलेल्या वाट्या आणि रुमालात बांधलेली एक डबी होती.

"आत घे आधी," त्या म्हणाल्या. "भांडण मग कर."

खुर्चीवर टेकल्यावर त्यांनी डबी उघडली. आत कवळी होती.

"मी चार दिवस विचार करत होते, की मुलं चावायला शिकतात कशी. गिरणीत तर कुणी शिकवायचं नाही. दहा-बारा पोरं एका बाकावर. एक चावायचं, दुसरं त्याच्याकडे बघायचं. यानं कुणाचं बघितलं? तू कामावर जेवतेस, नाहीतर हा झोपल्यावर. आणि मी…" त्या थांबल्या. "मी चावतच नाही. मी यातलंच खाते."

"यातलंच म्हणजे?"

"त्याच्या वाटीतलं. एकच भांडं लावते, दोघांचं चाळते. त्याला एक चमचा, मला एक चमचा. गिरणी सुटल्यापासून मी एकटी जेवत होते गं. हा आल्यापासून समोर कुणीतरी होतं. तो मध्यम चाळणीवर गेला असता, मग जाडवर, मग चावून खायला लागला असता, की ताटावर बसला असता. ताट तुझ्याकडे. माझ्याकडे वाटीच आहे." त्यांनी कवळी पाण्यात बुचकळली. "म्हटलं, आणखी एक महिना. मग आणखी एक. पोराचं नुकसान करून घास खाल्ला मी."

त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. पाठ माझ्याकडे करून त्यांनी कवळी तोंडात बसवली. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा भरलेला आणि परका दिसत होता. भोपळ्या त्यांच्याकडे टकमक बघत राहिला.

मग त्यांनी त्याला मांडीवर न घेता समोर बसवलं. एका वाटीत मध्यम चाळणीचं गाजर, ते त्याचं. दुसऱ्या वाटीत अर्धवट उकडलेल्या गाजराचे लांब तुकडे, ते त्यांचे. त्यांनी एक तुकडा उचलला, त्याला दाखवला, तोंडात घातला. दोन्ही भुवया उंच चढवल्या, हनुवटी वर केली, क्षणभर थांबल्या, आणि मग सावकाश, जबडा पार खाली आणून चावायला लागल्या. कुडुम. कुडुम. गिळलं, आणि तोंड उघडून रिकामं दाखवलं. भोपळ्याचं तोंड आपोआप हललं.

तीन आठवडे त्या रोज जिना चढल्या, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. पहिल्या आठवड्यात मध्यम, दुसऱ्यात जाड, तिसऱ्यात काटा. वापर नसल्यानं कवळी हिरड्यांना लागत होती. निघताना त्या ती काढून रुमालात गुंडाळत, आणि रुमालाला गुलाबी डाग असे. मी म्हटलं, थोडे दिवस राहू द्या. त्या म्हणाल्या, मी राहू दिलं म्हणूनच तर ही वेळ आली. त्या भुवया, ती हनुवटी, तो थांबा, दर घासाला तेच, जराही कंटाळा नाही. हळूहळू समोर भोपळ्याच्याही भुवया चढायला लागल्या. मी दोन्ही वेळा दारात उभी राहून बघायचे. मी काय बोलले होते त्याबद्दल माफी मागायची असं मी रोज ठरवायचे. रोज त्या जिना उतरून जायच्या आणि ते राहून जायचं.

एकविसाव्या दिवशी भोपळ्यानं भाजलेल्या पावाचा तुकडा कडेसकट खाल्ला. आठही दात वापरून, कुरकुर आवाज करत. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना सोडायला खाली गेले तेव्हा त्यांनी घरात शिरल्या शिरल्या फडकं ओलं केलं आणि पाटीवरचं नाव पुसलं. मग चाळणी पुन्हा खिळ्याला लावली आणि म्हणाल्या, "जा तू. पोर एकटं आहे वर."

दाखला मिळाला. भोपळ्या माझ्याबरोबर पाळणाघरात यायला लागला. सकाळी आम्ही दोघं त्यांच्या दारावरून जायचो, तो मंमं म्हणून हाक मारायचा, त्या आतून ओ द्यायच्या. बसची वेळ झालेली असायची. संध्याकाळी तो पेंगलेला असायचा. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. आपल्याबद्दल आहे असं कुणालाच वाटत नाही.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी त्यांची वाटी परत करायला गेले. त्या जेवत होत्या. टेबलावर एक वाटी, त्यात पिवळसर काहीतरी, बारीक चाळणीचं. समोरच्या बाजूला भोपळ्याचं उंच स्टूल तसंच होतं, त्यावर त्याचं लाळेरं घडी करून ठेवलेलं.

"कवळी नाही लावली?" मी विचारलं.

"कशाला? कोण बघतंय." त्यांनी स्टुलावरचं लाळेरं उचललं. "बस ना. दोन घास खा. तुझ्यासाठी नाही चाळत, काट्यानं चेपून देते."

त्या हसल्या. मलाही हसायला हवं होतं. पण मला त्यांच्या समोर, त्या स्टुलावर बसायचं धाडस झालं नाही. बसले असते तर बोलावं लागलं असतं.

"वर कपडे भिजवलेत," मी म्हटलं. "येते नंतर."

वर काही भिजवलेलं नव्हतं. कपडे आदल्या दिवशीच वाळून घडी झाले होते.

नंतर मी गेले, पण जेवायच्या वेळेला कधी नाही. दुसऱ्या वर्षी थंडीत मावशी आजारी पडल्या आणि भाची येऊन त्यांना घेऊन गेली. महिन्याभरानं ती खोली रिकामी करायला एकटीच आली, तेव्हा त्या गेल्याचं कळलं. मी जिन्यात तिच्यापुढे उभी राहिले. ती म्हणाली, "तुमच्या मुलाचं विचारायची सारखी. कडक तुकडा चावतो का म्हणून. काही हवं असेल तर घ्या यातलं." पाटी भंगारवाल्याच्या ढिगात गेली होती, नुसती काळी. मी बारीक चाळण घेतली.

ती अजून माझ्या ओट्यावर लटकलेली आहे. भोपळ्या आता सव्वीस वर्षांचा आहे, दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याला भोपळ्या म्हटलेलं चालत नाही. मी निवृत्त झाले आणि माझेही मागचे चार दात गेले. बहुतेक दिवस एकटीच जेवते, आणि भाजी जरा जास्तच शिजवते.

गेल्या महिन्यात तो लग्न ठरवलेल्या मुलीला घेऊन आला. मुलगी बोलकी, माझ्यासारखीच तिखट. मी पानं घेतली, आम्ही तिघं बसलो. त्यानं पहिला घास घेतला आणि ती खुदकन हसली.

"आई, हा असाच खायचा का हो लहानपणापासून? आमच्या ऑफिसात सगळे नक्कल करतात."

"असा म्हणजे कसा?" मी विचारलं. मला त्याच्या खाण्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. रोज समोर असलेलं दिसत नाही.

तिनं पावाचा तुकडा उचलला. तोंडात घातला. दोन्ही भुवया उंच चढवल्या, हनुवटी वर केली, क्षणभर थांबली, आणि मग सावकाश, जबडा पार खाली आणून चावायला लागली.

माझा हात ताटातच राहिला. मला तिच्या जागी कोण बसलंय ते दिसत होतं. रुमालाचा गुलाबी डागसुद्धा दिसत होता.

"काय झालं, आई?" त्यानं विचारलं.

"तळमजल्यावर एक बाई राहायच्या," मी म्हटलं. "त्यांनी तुला चावायला शिकवलं. तू त्यांना मंमं म्हणायचास. मी त्यांना फार वाईट बोलले होते रे, आणि त्याची माफी मागितली नाही."

तो जरा वेळ आठवत राहिला. मनापासून आठवत होता, कपाळाला आठ्या घालून.

"नाही गं," तो म्हणाला. "काहीच आठवत नाही."

आणि त्यानं पुढचा घास घेतला. भुवया वर गेल्या, हनुवटी वर झाली, तो क्षणभर थांबला, आणि चावायला लागला.